लहान पेट्रोल इंजिन आणि इंधनातील ॲडिटिव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात पावसाळा ओसरला की बागायतीतील गवत काढण्यासाठी माळ्यावरचे ग्रास कटर खाली येतात, आणि त्यांतील बरेचसे दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी सुरू होत नाहीत. मग कोणीतरी सांगते की टाकीत अमुक ॲडिटिव्हची, म्हणजे पेट्रोलात मिसळायच्या द्रव्याची, बाटली ओता, सगळे साफ होईल. ही बाटली केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा पैसे पाण्यात जातात, याविषयी वर्षभर जे प्रश्न येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ग्रास कटर, चेन सॉ, पॉवर वीडर, पाण्याचे पेट्रोल पंप, फवारणी पंप आणि लहान जनरेटर ही यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

प्रश्न : बाजारातील सगळ्या ॲडिटिव्हचे काम एकच असते का?

नाही, आणि बहुतेक निराशा या गैरसमजातूनच होते. साफ करणारे ॲडिटिव्ह, ज्याला दुकानात ‘फ्युएल सिस्टीम क्लीनर’ म्हणतात, ते चिकटा आणि काजळी सुटी करते. टिकवणारे ॲडिटिव्ह, म्हणजे स्टॅबिलायझर, पेट्रोल शिळे होण्याचा वेग कमी करते आणि धातूला गंजापासून थोडे संरक्षण देते; मात्र आधीच साचलेली घाण ते काढत नाही. तिसरा प्रकार ऑक्टेन, म्हणजे इंजिन न ठोकता जळण्याची पेट्रोलची क्षमता, वाढवणाऱ्यांचा असून त्याचा सफाईशी संबंध नाही. एकाच बाटलीवर तिन्ही गुण छापलेले आढळतात. अशा वेळी घटक वाचावेत. साफ करणाऱ्या द्रव्यांत पॉलिइथरअमाइन, म्हणजेच पीईए, हे सर्वांत भरवशाचे मानले जाते, कारण ते व्हॉल्व्हवरील थराबरोबरच ज्वलनकक्षातील काजळीवरही काम करते. पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन हे इनटेक व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवते, पण ज्वलनकक्षात त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. ज्या बाटलीवर घटकाचे नावच नाही आणि नुसते ‘चमत्कारिक परिणाम’ लिहिले आहे, ती मी स्वतः विकत घेत नाही.

प्रश्न : मोटारसायकल रोज चालते, तिला काही होत नाही; मग लहान यंत्रांनाच हा त्रास का?

रोज चालणाऱ्या गाडीच्या टाकीतील पेट्रोल आठ-दहा दिवसांत संपते आणि नवीन येते. ग्रास कटर मात्र दोन महिने राबतो आणि उरलेले दहा महिने कोपऱ्यात उभा असतो. उभ्या यंत्रातील पेट्रोलमधून सुरुवातीला हलके, चटकन पेटणारे अंश उडून जातात, म्हणून इंजिन थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते. त्यानंतर उरलेल्या भागाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन राळेसारखा चिकट पदार्थ तयार होतो. टाकीत दोन लिटर पेट्रोल असते तेव्हा हे सावकाश घडते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरच्या वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल असते, तेथे फार लवकर.

नऊ-दहा महिने उभ्या असलेल्या पाण्याच्या पंपाच्या कार्ब्युरेटरची वाटी आम्ही उघडली की काय दिसते ते सांगतो. तळाशी गुळाच्या काकवीसारखा तपकिरी थर असतो, त्याला जुन्या वार्निशसारखा उग्र, आंबूस वास येतो, पितळी जेटच्या (पेट्रोल ज्या बारीक छिद्रातून जाते त्या तुकड्याच्या) कडेला हिरवट भुकटी धरलेली असते आणि ॲल्युमिनियमच्या वाटीला आतून पांढरे चट्टे पडलेले असतात. लहान इंजिनाच्या पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. जेट उजेडाकडे धरून पाहिला आणि पलीकडे प्रकाशाचा ठिपका दिसला नाही, की आजार तेथेच कळतो.

प्रश्न : पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून हा त्रास वाढला आहे का?

काही बाबतींत वाढला आहे, पण प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडणे बरोबर नाही. भारतात सरासरी १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये सरासरी २० टक्क्यांपर्यंत पोहोचली. त्यातील काही इथेनॉल कोल्हापूर-सांगलीच्या उसाचेच असते, त्यामुळे ऊस पिकवणारा शेतकरीच आपल्या पंपाच्या कार्ब्युरेटरविषयी तक्रार घेऊन येतो, असा प्रसंगही घडतो. कारखान्याचे बिल आणि मेकॅनिकचे बिल एकाच घरात येते, एवढेच म्हणता येईल.

तांत्रिक बाजू अशी आहे. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे हवा-इंधनाचे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. मोटारीतील संगणक हे ओळखून इंधन वाढवतो; लहान यंत्राच्या कार्ब्युरेटरला ते कळण्याची सोय नाही, म्हणून इंजिन जरा अधिक तापते, आणि टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनात, हे जास्त जाणवते. इथेनॉलपासून मिळणारी ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने इंधनही थोडे जास्त लागते. जुन्या बनावटीचे रबरी पाइप आणि डायाफ्राम (कार्ब्युरेटरमधील पातळ पडदा) फुगतात किंवा कडक होतात. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे छापलेले आहे. आपल्या यंत्राची पुस्तिका काढून ते पान अवश्य पाहावे. यांपैकी पातळ मिश्रण आणि रबर या दोन गोष्टींवर कोणतेही ॲडिटिव्ह उपाय करू शकत नाही. रबर बदलावेच लागते.

प्रश्न : इथेनॉलचे पेट्रोल पाणी ओढते, ते ॲडिटिव्हने वेगळे करता येते का?

इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते, आणि एका मर्यादेपर्यंत ही सोयीचीच गोष्ट आहे, कारण तेवढे पाणी पेट्रोलबरोबर जळून जाते. १० टक्के इथेनॉलचे एक लिटर पेट्रोल साधारण ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाभर पाणी पोटात ठेवू शकते. २० टक्क्यांचे त्याहून अधिक. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाला बसतात आणि वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल राहते. यंत्राची नळी तळातूनच इंधन उचलते, त्यामुळे इंजिनाला मिळते ते पाणीमिश्रित इथेनॉल, आणि इंजिन सुरूच होत नाही.

एकदा असे दोन थर पडले की बाटलीतील कोणतेही द्रव्य ते पुन्हा व्यवहार्यपणे एकजीव करत नाही. ते इंधन काढून टाकणे हाच मार्ग आहे. ‘पाणी घालवणारे’ म्हणून विकली जाणारी काही ॲडिटिव्ह मुळात अल्कोहोलच असतात. ज्या पेट्रोलमध्ये आधीच २० टक्के इथेनॉल आहे त्यात ती ओतून काय साधणार, याचा विचार करावा. माझ्या पाहण्यात निव्वळ दमट हवेमुळे थर पडलेले इंधन क्वचितच आले. बहुतेक वेळा पडवीत पावसाच्या झडीत ठेवलेले यंत्र, टाकीच्या झाकणाची फाटलेली वायसर किंवा उघडा राहिलेला कॅन हेच कारण निघते.

इंधनात इथेनॉल किती आहे हे पाहायचे असेल तर १०० मिलिलिटरच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालावे, बूच लावून हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्याकडे जाते आणि १० वर असलेली खालच्या थराची रेषा वर सरकते. २० टक्क्यांच्या इंधनात ती २८च्या आसपास पोहोचते. ही चाचणी मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावी आणि ते पेट्रोल पुन्हा यंत्रात घालू नये.

प्रश्न : यंत्र सुरूच होत नाही. टाकीत क्लीनर ओतले तर जेट मोकळा होईल का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. टाकीतील ॲडिटिव्ह पेट्रोलबरोबर प्रवास करते. जेथे पेट्रोल वाहते तेथेच ते पोहोचते. जेट पूर्ण बंद असेल तर त्यातून पेट्रोल जात नाही, म्हणून ॲडिटिव्हही जात नाही. ते वाटीत साचून राहते आणि बाहेरच्या बाजूने थोडासा थर मऊ करते, इतकेच.

गणपतीनंतर एक बागायतदार आपला ग्रास कटर घेऊन आले होते. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी आठवडाभरात एकामागून एक तीन बाटल्या टाकीत ओतल्या होत्या आणि दोरी ओढून दोरीच तुटली होती. कार्ब्युरेटर उघडला तेव्हा आतील डायाफ्राम वाळलेल्या फणसाच्या पानासारखा ताठ झालेला होता. तो आणि सोबतचे पॅकिंग बदलले, जाळी धुतली, नवीन पेट्रोल घातले, आणि तिसऱ्या ओढीला यंत्र सुरू झाले. नव्या किटचा खर्च तीन बाटल्यांपेक्षा कमी होता.

म्हणून क्रम असा ठेवावा : जुने पेट्रोल पूर्ण काढावे, प्लग आणि एअर फिल्टर पाहावा, ताजे पेट्रोल घालून प्रयत्न करावा. इंजिन चोकवर चालते पण चोक काढल्यावर बंद पडते, किंवा रेस कमी-जास्त होत राहते, अशी लक्षणे असतील तर जेट अर्धवट तुंबलेला आहे, आणि या अवस्थेत टाकीतील क्लीनरचा खरोखर उपयोग होऊ शकतो. इंजिन अजिबात पेट घेत नसेल तर कार्ब्युरेटर खोलून स्प्रेने धुणे आवश्यक आहे. हा कार्ब्युरेटर स्प्रे वेगळा असतो. तो सुट्या भागांवर मारायचा असतो, टाकीत नव्हे, आणि रबरी भाग आधी काढून घ्यावे लागतात.

क्लच केबलची एखादी तार काढून जेटमध्ये खुपसण्याची पद्धत सर्रास दिसते. पितळ मऊ असते. पोलादी तारेने छिद्र किंचित मोठे झाले की इंजिन त्यानंतर कायम जास्त पेट्रोल पिते आणि प्लग काळा करते, आणि मग दोष पेट्रोलला दिला जातो.

प्रश्न : क्लीनर किती आणि कसे घालावे?

लेबलवर दिलेल्या प्रमाणाच्या बाहेर जाऊ नये. मोटारीसाठीची बाटली ४०-५० लिटरच्या टाकीकरिता बनवलेली असते. आपल्या यंत्राची टाकी एक ते साडेतीन लिटरची. म्हणून लेबलवरील प्रमाणाला लिटरने भागून मिलिलिटर काढावेत आणि औषधाच्या सिरिंजने मोजावेत. उदाहरणार्थ, ३०० मिलिलिटरची बाटली ५० लिटरसाठी असेल तर लिटरमागे ६ मिलिलिटर होतात. ‘झाकणभर’ हे माप धरू नये, कारण जास्त द्रव्य म्हणजे जास्त सफाई नव्हे. न जळलेले क्लीनर सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ करते. लहान फोर-स्ट्रोक इंजिनात जेमतेम १०० ते ६०० मिलिलिटर ऑइल असते, तेथे थोडी भेसळही महागात पडते.

क्लीनर आधी कॅनमधील पेट्रोलात मिसळावे, मग टाकीत भरावे. यंत्र कामाच्या भाराखाली चालवून ती टाकी संपवावी. नुसते रिकाम्या गतीवर ठेवून काजळी सुटत नाही, त्यासाठी इंजिन गरम व्हावे लागते. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तेव्हाच ही टाकी चालवणे उत्तम, म्हणजे खाली उतरलेली घाण जुन्या ऑइलबरोबर निघून जाते. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना क्लीनर घालण्याचे मला काही कारण दिसत नाही.

प्रश्न : टू-स्ट्रोक यंत्रात ॲडिटिव्ह चालते का? ऑइलचे प्रमाण बदलावे लागते का?

चालते, आणि ऑइलचे प्रमाण बदलायचे नसते. २५:१ म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर आणि ५०:१ म्हणजे २० मिलिलिटर टू-टी ऑइल, यांपैकी पुस्तिकेत जे असेल तेच कायम ठेवावे. ॲडिटिव्ह हे ऑइलच्या ऐवजी नाही. मिश्रणात ऑइल कमी पडले तर पिस्टनवर उभे ओरखडे पडतात आणि ते कोणतेही द्रव्य भरून काढत नाही.

टू-स्ट्रोकची काजळी मुख्यतः सायलेन्सरच्या तोंडाशी आणि तेथील ठिणगी अडवणाऱ्या जाळीवर बसते. तिथपर्यंत ॲडिटिव्हचा फारसा प्रभाव पोहोचत नाही. जाळी काढून ब्रशने साफ करावी लागते. काजळी मुळातच कमी व्हावी असे वाटत असेल तर पैसे बाटलीपेक्षा चांगल्या ऑइलवर खर्च करावेत. जासो (जपानी वाहन-मानक) एफडी दर्जाचे टू-टी ऑइल स्वच्छ जळते. गाडीतून काढलेले किंवा फोर-स्ट्रोकचे ऑइल पेट्रोलात मिसळण्याची काटकसर मात्र इंजिनाच्या जिवावर उठते.

प्रश्न : डांबराच्या गोळ्या, रॉकेल, थिनर असे उपाय कसे आहेत?

डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅप्थलीन. ती पेट्रोलात विरघळते हे खरे, पण कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून गेले की तिचे स्फटिक मागे राहतात आणि ज्या छिद्राची चिंता आपण करत होतो तेच छिद्र बुजवतात. रॉकेलने सुटे भाग धुणे वेगळे आणि ते पेट्रोलात मिसळून इंजिनात जाळणे वेगळे. पेट्रोल इंजिनात ते धूर आणि काजळी वाढवते व इंजिन ठोकू लागते. थिनर आणि ॲसिटोन चिकटा विरघळवतात, पण त्याबरोबर ऑइल सील, पाइप आणि डायाफ्रामही खातात. जुन्या मिस्त्रींचा मान राखूनही हे तिन्ही उपाय मी कोणाला सुचवणार नाही.

प्रश्न : ऑक्टेन बूस्टर किंवा पंपावरील महाग पेट्रोल वापरल्यास ताकद वाढते का?

नाही. लहान इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, कमी, साधारण ८:१च्या आसपास असते आणि त्यांना साधे पेट्रोल पुरते. महाग पेट्रोलात सफाईची द्रव्ये काही प्रमाणात मिसळलेली असतात, एवढा फायदा धरता येईल. आपल्या भागात इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळत असेल आणि पंपचालक तशी खात्री देत असेल, तर हंगामाच्या शेवटच्या टाकीसाठी ते घेणे शहाणपणाचे आहे.

प्रश्न : उरलेले सहा महिन्यांचे पेट्रोल आहे. त्यात स्टॅबिलायझर घालून वापरता येईल का?

नाही. नासलेल्या दुधाला विरजण लावून दही होत नाही. स्टॅबिलायझरमधील द्रव्ये ऑक्सिजनशी होणारी क्रिया रोखतात. झालेली क्रिया उलटवत नाहीत. ते पंपावरून आणल्या दिवशीच पेट्रोलात घालायचे असते. बहुतेक इंजिन उत्पादक उपचार न केलेले पेट्रोल साधारण ३० दिवसांत वापरावे असे सांगतात.

प्रश्न : हंगाम संपल्यावर यंत्र ठेवताना नेमके काय करावे?

टाकी प्लॅस्टिकची असेल तर रिकामी करावी. पत्र्याची असेल तर कोकणासारख्या दमट हवेत रिकामी टाकी आतून गंजते, म्हणून ती स्टॅबिलायझर घातलेल्या ताज्या पेट्रोलने काठोकाठ भरून ठेवणे मला अधिक योग्य वाटते. हे पेट्रोल घातल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवावे, नाहीतर टाकीत औषध आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनेच पेट्रोल अशी स्थिती होते. त्यानंतर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढावेत.

प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर स्वच्छ ऑइल सोडावे, दोरी दोन-तीनदा हळूहळू ओढावी आणि प्लग परत बसवावा. शेवटी दोरी जड लागेल तेथे थांबवावी. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि ओलसर हवा आत शिरत नाही. एवढ्याला वीस मिनिटे लागतात, आणि वाटी रिकामी केलेल्या यंत्राला पुढच्या वर्षी क्लीनरची गरज सहसा पडत नाही.

प्रश्न : पेट्रोल कशात आणि किती साठवावे?

पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत कधीही नाही. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ठेवण्याची मर्यादा ३० लिटर आहे आणि भांड्याविषयीही अटी आहेत. घट्ट झाकणाचा धातूचा कॅन, तोही भरलेला आणि सावलीत, हे उत्तम. अर्धा रिकामा कॅन म्हणजे अर्धा कॅन हवा, आणि त्या हवेतच पेट्रोल शिळे होते. कॅनवर खरेदीची तारीख आणि मिश्रण असेल तर ऑइलचे प्रमाण लिहून ठेवावे.

प्रश्न : डिझेल पंपसेटला हेच ॲडिटिव्ह चालेल का?

नाही. डिझेलची द्रव्ये वेगळी असतात, आणि पेट्रोलचे क्लीनर डिझेलमध्ये घालू नये. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचले की त्या पाण्याच्या सीमेवर जंतू वाढून काळा शेवाळासारखा गाळ होतो. तेथे पाणी काढणे आणि फिल्टर बदलणे हेच मुख्य काम आहे.

प्रश्न : ॲडिटिव्ह वापरल्याने वॉरंटी जाते का?

पुस्तिकेतील इंधनाचे पान वाचावे. काही उत्पादक स्टॅबिलायझर वापरा असे स्वतःच सांगतात, काही इतर द्रव्यांना मनाई करतात. शंका असेल तर वॉरंटीच्या काळात फक्त ताजे पेट्रोल वापरावे आणि पावती जपून ठेवावी.

प्रश्न : क्लीनरचा परिणाम झाला हे कसे ओळखावे?

कानावर विसंबू नये. बाटलीचे पैसे दिले की इंजिन गोड वाजू लागते. क्लीनरची टाकी भरण्यापूर्वी प्लग काढून त्याचा रंग पाहावा, थंड इंजिन किती ओढींत सुरू होते आणि चोक किती वेळ लागतो ते लिहावे, आणि एका लिटरमध्ये किती वेळ काम होते ते घड्याळ लावून मोजावे. टाकी संपल्यावर तेच पुन्हा मोजावे. काळा कोरडा प्लग फिकट तपकिरी झाला आणि ओढी कमी झाल्या तर द्रव्याने काम केले आहे. काहीच बदलले नसेल तर दुसरी बाटली न आणता एअर फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कार्ब्युरेटर तपासून घ्यावा.